‘इंजिनाचे थोडे काम आहे’ म्हणे!

वाचकहो, उन्हाळी नांगरटी सुरू झाल्या, की गावोगाव एक बातमी हमखास कानावर येते. ‘अमक्याने ट्रॅक्टर विकायला काढलाय. निम्म्या किमतीत देतोय. इंजिनाचे थोडे काम आहे, बाकी गाडी खणखणीत आहे.’ ज्याच्या दारात ट्रॅक्टर नाही, त्याचे मन ही बातमी ऐकून चाळवते. भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहता पाहता वापसा निघून गेल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी असतोच. चार-दोन हजार इकडचे-तिकडचे करू, इंजिनाचे काम करून घेऊ, आपल्याही दारात ट्रॅक्टर उभा राहील, असे वाटू लागते.

त्यात चूक काहीच नाही. जुना ट्रॅक्टर घेऊन शेती सावरलेली घरे पुष्कळ आहेत. पण ‘इंजिनाचे थोडे काम आहे’ या चार शब्दांत पाचशे रुपयांचे काम असू शकते आणि लाखाचेही. त्यातले कोणते, हे कळल्याशिवाय पैशाच्या पिशवीची गाठ सोडू नये, एवढेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

आमच्याच घरची गोष्ट

आमच्या थोरल्या चुलतभावाने, आम्ही त्यांना दादा म्हणतो, काही वर्षांपूर्वी असाच एक ट्रॅक्टर घेतला. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त होता. रक्कम कमी पडत होती. वहिनींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण टाकून पैसे पुरे केले. दादा पाहायला गेले तेव्हा ट्रॅक्टर चालूच होता. आवाज दमदार, धूर बेताचा. विकणारा म्हणाला, ‘सकाळी कधीमधी सुरू व्हायला त्रास देतो, बाकी काही नाही.’ चहा झाला, विसार दिला, चार दिवसांत ट्रॅक्टर दारात आला. वहिनींनी ओवाळला, नारळ फोडला.

आठ-दहा दिवस बरे गेले. मग रोज ऑइल कमी होऊ लागले. निळा धूर सुटला. रोहिणी संपत आल्या तेव्हा नांगर ओढेनासा झाला. मृग निघाला त्या दिवशी आमचे इंजिन तालुक्याच्या गॅरेजात खोलून पडले होते. आम्ही पोचण्याआधी इंजिन तापवून ठेवले होते आणि धूर दबावा म्हणून त्यात जाड ऑइल ओतले होते, हे मिस्त्रीने मागाहून सांगितले. पेरणी भाड्याच्याच ट्रॅक्टरने झाली, तीही उशिरा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत झाली. पाटल्या सुटायला दोन दिवाळ्या जाव्या लागल्या.

वहिनी भांडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, ‘मामंजींनी बैल घेतला तवा तीन बाजार हिंडले, जबडा उघडून दात मोजले, गाडीला जुंपून बघितला. अन् तुम्ही लाखाच्या वस्तूचं तोंडसुद्धा उघडून बघितलं न्हाई.’

मंडळी, या बोलण्यात सगळे आले. बैल आदत आहे की दुसा, चौसा की जुळलेला, हे दात पाहिल्याशिवाय आपण मान्य करत नाही. विकणाऱ्याच्या शब्दावर कोणी बैलाचे वय धरत नाही. मग ट्रॅक्टरचे दात का पाहू नयेत? ते पाहायला फार शिक्षण लागते असेही नाही.

इंजिनाचा जीव दाबात

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ साली ज्या कल्पनेसाठी पेटंट मागितले, तिच्या मुळाशी हीच युक्ती होती. पिस्टन हवेला इतके दाबतो, की ती हवाच कडक तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा येतो आणि आपोआप पेट घेतो. म्हणजे दाब हाच या इंजिनाचा जीव.

विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. हँडल फिरवताना एका जागी हाताला जो जोर लागे, तोच हा दाब. इंजिन झिजले की हँडल हलके फिरे आणि इंजिन लवकर सुरू होत नसे. ट्रॅक्टरचेही तेच. पिस्टनवरच्या रिंगा आणि पिस्टन ज्यात फिरतो ते लाइनर झिजले, की दाब बाजूने निसटतो. मग गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, जोर कमी पडतो, ऑइल जळते. याउलट दाब शाबूत असेल आणि फक्त डिझेल किंवा हवा नीट पोचत नसेल, तर ते दुखणे बहुधा आटोक्यातले. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: दाब गेला आहे, की दाणापाणी अडले आहे?

थंड इंजिन पाहा

ट्रॅक्टर पाहायला सकाळी जा आणि ‘मी येईपर्यंत सुरू करू नका’ असा निरोप आधी पाठवा. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाजवळ जपून हात न्या. गरम लागले तर विकणाऱ्याशी वाद घालू नका. ‘उद्या येतो’ म्हणा आणि परत फिरा. तापलेले इंजिन आपली खोड लपवते.

इंजिन गार असेल तर ऑइल तपासायची पट्टी ओढून पाहा. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे असतेच, त्याला भिऊ नका. पण ते दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल खाली उतरते आहे. बोटांवर चोळून उजेडात धरा. धातूची चमक दिसली तर आतले बेअरिंग किंवा दुसरा काही भाग झिजतो आहे. ऑइल अगदी नवे आणि जाडजूड वाटले, तर ते कधी आणि का बदलले ते विचारा. आमच्या दादांनी नेमके हेच विचारले नाही.

मग रेडिएटरचे झाकण. हे झाकण इंजिन गार असतानाच उघडायचे. गरम असताना उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते आणि माणूस भाजतो. आत पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, गंजाचा चिखल आहे का, ते पाहा.

धूर काय सांगतो?

आता सुरू करायला सांगा. किती वेळ स्टार्टर फिरवावा लागतो, याकडे लक्ष द्या. बॅटरी कमजोर असेल तर स्टार्टर हळू फिरतो. ते दुखणे बॅटरीचे. पण स्टार्टर जोमात फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर खोड आत आहे.

गार इंजिनाने पहिल्यांदा थोडा पांढरा धूर टाकला तर बिघडत नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलेंडरात जाते आहे. पाणी कमी होत नाही, पण धूर डोळ्यांना झोंबतो, तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. त्याचे कारण बहुधा रिंगा-लाइनर किंवा व्हॉल्व्हचे गाइड असते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तो कधी नुसत्या चोंदलेल्या एअर क्लीनरमुळे येतो, कधी नोझल किंवा पंपाच्या खोडीमुळे.

यानंतर ट्रॅक्टरचे तोंड उघडायचे. इंजिन संथ चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण जपून सैल करा. थोडी वाफ येणे वेगळे. पण झाकण उडायला पाहत असेल, भात्यासारखा भक-भक धूर आतून येत असेल, तर पिस्टनच्या बाजूने दाब खाली निसटतो आहे. वहिनी म्हणाल्या ते दात मोजायचे ते इथे.

शेवटी त्याला कामाला जुंपा. मोकळ्या रस्त्यावर फेरी मारून काही कळत नाही. नांगर लावून किंवा भरलेली ट्रॉली जोडून निदान अर्धा तास चालवा. जोर टिकतो का, तापतो का, ऑइलच्या दाबाचा काटा इंजिन तापल्यावर खाली बसतो का, ते पाहा. गार असताना ठीक आणि तापल्यावर संथ चालीत काटा पडतो, याचा अर्थ बेअरिंगे सैल झाली असावीत. वरच्या बाजूची हलकी टिकटिक बहुधा टॅपेट जुळवून जाते. खालून येणारा जड ठोका मात्र बेअरिंगचा किंवा क्रँकचा असू शकतो, आणि तो महागाचा. काम झाल्यावर इंजिन बंद करा, पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू व्हायला कुरकुर केली तर डिझेल पंप किंवा दाब, दोन्हींपैकी काहीतरी थकले आहे.

या वेळी सोबत आपला मिस्त्री हवा. विकणाऱ्याने बोलावलेला नको. त्याला दिवसाची मजुरी द्या, जेवू घाला. एकेका नोझलची नळी सैल करून कोणते सिलेंडर काम करत नाही, हे त्याला ओळखता येते. ते तुम्ही स्वतः करू नका. त्या नळीतला डिझेलचा फवारा इतका जोराचा असतो, की कातडी भेदून आत जातो.

कोणते दुखणे किती मोठे?

साधारण तीन वाटण्या करता येतात.

पहिली, किरकोळ दुखणी: चोंदलेले डिझेल फिल्टर, डिझेलच्या नळीत शिरलेली हवा, एअर क्लीनर, बॅटरी, स्टार्टर, फॅन बेल्ट, फाटका होज. कित्येकदा वर्षभर पडून राहिलेला ट्रॅक्टर एवढ्यासाठीच सुरू होत नसतो. अशी गाडी स्वस्तात मिळाली तर सोडू नये.

दुसरी, मधली दुखणी: नोझल, डिझेल पंप, व्हॉल्व्ह, हेडचे गॅस्केट. ही कामे होतात आणि टिकतातही. पण गॅस्केट जळाले असेल तर इंजिन किती वेळा आणि किती तापले, हे कोणी सांगत नाही. फार तापलेल्या इंजिनाचे हेड वाकते किंवा तडकते. म्हणून हेड उतरवून लेथवाल्याला दाखवेपर्यंत खर्च नक्की धरता येत नाही.

तिसरी, मोठी दुखणी: रिंगा, पिस्टन, लाइनर, बेअरिंग, क्रँक. क्रँक आधी किती वेळा ग्राइंड झाला आहे, ते विचारा. दर ग्राइंडिंगला तो बारीक होत जातो आणि मर्यादा संपली की बदलावाच लागतो. ब्लॉकला तडा असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी तिथून निघून यावे.

आणि जे इंजिन जाम आहे किंवा सुरूच करून दाखवत नाहीत त्याचे काय? मिस्त्री ‘बघावे लागेल’ म्हणतो तेव्हा तो खरे बोलत असतो. अशा वेळी एकच नियम पाळा. न पाहिलेले इंजिन हे पूर्ण बांधावे लागणारे इंजिन आहे, असे धरूनच हिशेब करा. दुखणे लहान निघाले तर तुमचे नशीब. पण त्या नशिबाचे पैसे विकणाऱ्याला आधीच देऊ नका.

वहीवर हिशेब मांडा

आता कागद-पेन्सिल घ्या. पुढचे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले तुम्ही घाला.

समजा, विकणारा १,६०,००० रुपये मागतो. त्याच मॉडेलचा, तेवढ्याच वयाचा चालू ट्रॅक्टर तुमच्या भागात २,६०,००० ला जातो. लाखाचा फायदा दिसतो. आता खर्च लिहा. इंजिन बांधायला सुटे भाग, लेथकाम आणि मजुरी मिळून ८०,०००. खोलल्यावर आणखी काही निघतेच, त्यासाठी चौथा हिस्सा राखून ठेवा, २०,०००. टायर-बॅटरी २५,०००. कागदपत्रे ५,०००. ओढून आणायचे ४,०००. बेरीज १,३४,०००. म्हणजे हा स्वस्त ट्रॅक्टर २,९४,००० ला पडला आणि चालू ट्रॅक्टरपेक्षा चौतीस हजारांनी महाग झाला.

हाच हिशेब उलटा करा. २,६०,००० मधून १,३४,००० वजा केले की १,२६,००० उरतात. याच्या वर एक रुपयाही द्यायचा नाही, उलट खालीच बोलायचे. कारण गॅरेजच्या चकरा आणि जोखीम तुमची आहे. हा आकडा घरीच वहीत लिहून निघा. समोर चहा आला, लोक जमले आणि ‘दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येतेय’ असे कोणी म्हणाले, की माणसाची जीभ सैल होते. वही सैल होत नाही.

आणखी एक खर्च वहीत मावत नाही, तो दिवसांचा. वैशाखात इंजिन खोलले तर तीन आठवडे मोडले तरी चालतात. मृगाच्या तोंडावर तेच तीन आठवडे खरीप खातात. म्हणून दुरुस्तीचा ट्रॅक्टर घ्यायचाच तर सुगी उरकल्यावर, हातात सवड असताना घ्यावा.

कागद आधी, किल्ली मग

जमीन घेताना आपण सातबारा काढतो, बोजा पाहतो. ट्रॅक्टरचा सातबारा म्हणजे त्याचे आर.सी. बुक. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. इंजिन जुने दुसरे बसवलेले असेल तर इथे कळते. नंबर जुळत नसतील तर व्यवहार तिथेच थांबवा.

बुकात बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. हप्ते थकलेला ट्रॅक्टर कर्ज देणारा तुमच्या दारातून नेऊ शकतो. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या आर.टी.ओ.च्या हद्दीतली गाडी असेल तर नमुना २८ चा ना-हरकत दाखलाही लागतो. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर कागद व्हायला हवेत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचे बुक वेगळे मागा. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी पुढे चालू केली आहे का, हेही पाहा. परिवहन खात्याच्या ‘एम-परिवहन’ या मोबाइल ॲपवर गाडीचा नंबर टाकला, की यातली पुष्कळ माहिती घरबसल्या दिसते. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला हे काम सांगा.

‘नाव काय, नंतर करू’ असे कोणी म्हणेल. ते ऐकू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत ही माहिती कळवायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक. म्हणजे नाव न बदलण्यात विकणाऱ्याचाही धोका आहे, हे त्याला समजावून सांगा. विमाही त्याच वेळी आपल्या नावावर करून घ्या. विसार दिला तर पावती लिहून घ्या आणि ‘कागद व बोजा साफ नसल्यास विसार परत’ एवढे एक वाक्य तीत घालायला विसरू नका.

घरात बसून ठरवा

हे सगळे झाल्यावर एक प्रश्न घरातच विचारायचा. हे पैसे कुठून येणार आहेत? बियाणे-खताचे असतील, मुलीच्या फीचे असतील, बायकोच्या अंगावरचे सोने असेल, तर तिला आधी विचारा, तिच्यासमोर वही उघडा. ट्रॅक्टर बंद पडला तरी हप्ता आणि व्याज बंद पडत नाही. जमीन थोडी असेल तर वर्षभर भाड्याच्या ट्रॅक्टरला किती जातात, तेही लिहून पाहा. कित्येकदा उत्तर ‘यंदा नको’ असे येते. ‘यंदा नको’ म्हणण्यात कमीपणा कसला?

आमच्या दादांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. तो ट्रॅक्टर त्यांनी दुरुस्त करून दोन-तीन वर्षे चालवला आणि विकला. घेणाऱ्याला इंजिनाची सगळी हकिगत आधी सांगितली. त्यानंतर शेजारच्या गावात एक ट्रॅक्टर निघाला. मालक नोकरीला शहरात, गाडी वर्षभर छपरात उभी, सुरू होत नव्हती. या वेळी दादांसोबत आमचा मिस्त्री गेला, आणि वहिनीही गेल्या. डिझेलच्या टाकीत गाळ साचलेला, फिल्टर चोंदलेले, नळीत हवा. टाकी धुतली, फिल्टर बदलले, दुसरी बॅटरी लावली. दोन-चार झटक्यांत इंजिन बोलू लागले. तरी वहिनींनी झाकण सैल करायला लावलेच. धूर नाही, भक-भक नाही. मग नांगर जोडला. अर्ध्या तासाने काटा जागच्या जागी होता. किंमत वहीतल्या आकड्याच्या आत जमली, तेव्हाच विसार दिला. आज त्याच ट्रॅक्टरवर आमची पेरणी होते.

तेव्हा वाचकहो, यंदा कोणी तुम्हाला ‘इंजिनाचे थोडे काम आहे’ म्हणाले, तर ‘थोडे म्हणजे नेमके काय?’ असे हसत विचारा. सकाळी जा, मिस्त्री न्या, झाकण उघडा आणि वहीतला आकडा सोडू नका. आणि घरच्या लक्ष्मीला सोबत नेता आले तर जरूर न्या. बाजारात वांगी निवडून घेणारी नजर ट्रॅक्टरलाही चालते.